पालेर्मोचं बाळ

पाप करायचं म्हटलं की आमच्या नाटकवाल्यांना इटली लागते. लंडनमध्ये कोणी बायकोचा गळा दाबत नाही, भावाला विष घालत नाही, की सख्ख्या पुतणीवर डोळा ठेवत नाही. असली कामं पालेर्मोत नाहीतर मिलानमध्ये, किंवा आमच्यातलं कोणीच कधी गेलेलं नाही अशा कुठल्याही गावी. नाटकघराच्या शेजारच्या आवारात साखळीला बांधलेल्या अस्वलावर कुत्री सोडतात, त्याची घाण वाहत वाहत आमच्या गल्लीत येते, पण ते पाप नव्हे, ती करमणूक. पाप भिंतीच्या आत असतं, आणि ते परक्या गावचं असतं.

मास्टर क्रिस्पिन हॉलेनं पालेर्मोचं नाटक लिहिलं तेव्हा त्याचा सगळ्यात लांबचा प्रवास केंब्रिजहून लंडनपर्यंतचा झाला होता, तोही कोबीच्या गाडीतून. त्याच्या पालेर्मोतला सरदार खारवलेलं हेरिंग खातो आणि धुक्यानं नाक चोंदलं म्हणून कुरकुरतो. मी एकदा विचारलं होतं, "मास्टर, तिकडे धुकं असतं का हो?"

"शोकांतिका आहे ती, टॅमसिनबाई. धुकं लागतंच."

मी या मंडळींच्या चुणीदार कॉलरी धुते, त्यांना खळ घालते आणि तापवलेल्या सळईवर एकेक चुणी उभी करते. नदीच्या या काठाला, लंडनच्या सदर्कमध्येच जन्मले. आईबाप गिनीच्या किनाऱ्याचे, काळेभोर, मीही तशीच. आमच्या आसपासच्या गल्ल्यांत अशी बरीच माणसं आहेत. कोणी सुया घडवतं, कोणी व्यापाऱ्याघरी स्वयंपाक करतं, कोणी जहाजावर असतं. आमच्याकडे कोणी मान वळवून बघत नाही. बघायची हौस आली की लोक दाराशी नाणं टाकतात, आत जातात आणि अॅम्ब्रोज लव्हडेकडे बघतात.

अॅम्ब्रोज हा मंडळीतला मोठा भागीदार आणि ठरलेला मूर, म्हणजे नाटकातला काळा परदेशी. डुकराच्या चरबीत काजळी कालवून तो तोंडाला थापतो, डोळे गरागरा फिरवतो आणि बोलता बोलता मध्येच गुरगुरतो. का, ते विचारू नका. एकदा रंगपटात त्यानं मला अडवलं.

"काय टॅमसिनबाई, हुबेहूब ना?"

"हुबेहूब, मास्टर. कोणासारखं, तेवढं फक्त सांगा."

तो पोट धरून हसला आणि माझ्या पाठीवर थाप मारून गेला. त्याला ते कौतुक वाटलं. पाठीवर पाच काळी बोटं उमटली ती मी घरी जाऊन धुतली.

आता नाटक. पालेर्मोची सरदारीण, म्हणजे आमचा निकी, चौदा वर्षांचा, आवाज फुटायला लागलेला. ती मूर सेनापतीच्या, म्हणजे अॅम्ब्रोजच्या, प्रेमात पडते. चौथ्या अंकात बाळंत होते. बाळ काळं निघतं आणि सगळं पालेर्मो हादरतं. सरदार म्हणतो, 'पाहा, हिच्या कुशीतली अमावास्या!' मग दाई बाळाला पडद्यामागे नेऊन मारते आणि उरलेले सगळे पुढच्या अंकात एकमेकांना मारतात.

हे बाळ म्हणजे चिंध्यांचं धड आणि काळं रंगवलेलं लाकडी मुंडकं. एका दुपारी निकीनं ते हात उंच करून दाखवलं, तर मुंडकं सुटलं, फळ्यांवरून गडगडत कडेला आलं आणि खाली अंगणात उभ्या असलेल्या लोकांत पडलं. एका टारगटानं ते लाथेनं परत वर उडवलं. जे हसू फुटलं ते शेवटच्या प्रेतापर्यंत थांबलं नाही. मास्टर क्रिस्पिन रंगपटात डोक्यावरून झगा ओढून बसला होता. शोकांतिकेत लोक हसले की लेखकाला वाटतं, नाटकातला खरा खून आपलाच झाला.

दुसऱ्याच दिवशी त्यानं जाहीर केलं: बाळ हवं ते जिवंत हवं. हातपाय हलवणारं.

त्या संध्याकाळी माझा नवरा गिलबर्ट घरी आला आणि आमच्या लेकीला, पर्नेलला, मांडीवर घेऊन बसला. गिलबर्ट मंडळीतला पगारी नट आहे. भाला धरतो, निरोप आणतो, गर्दी लागली तर गर्दी होतो. पर्नेल तेव्हा तीन महिन्यांची होती. माझा अंगठा मुठीत धरल्याशिवाय झोपायची नाही. मी एका हातानं कॉलरी पिळायला शिकले होते.

"टॅम, ऐक ना."

"तू 'ऐक ना' म्हणालास की घरातली एखादी वस्तू जाते."

"जाणार नाही गं काही. फक्त चौथ्या अंकात. निकीच्या हातात द्यायची, हिनं जरा वळवळ करायची, की परत."

मला कळायला क्षणभर लागला. मग कळलं.

"आणि दाई मारते ते?"

"ते पडद्यामागे मारते," तो म्हणाला, आणि स्वतःच ओशाळला. "म्हणजे, मारत नाही."

"तू शब्द देऊन आलायस."

त्यानं पर्नेलच्या टोपीची नाडी बोटाला गुंडाळली. "उन्हाळ्यात मंडळी गावोगाव निघणार. सगळे पगारी नेत नाहीत. अॅम्ब्रोज म्हणतो, पोर दिलीस तर तू कायमचा. नाहीतर मी आहे आणि भावाची होडी आहे."

त्याचा भाऊ नदीवर उतारू नेतो. गिलबर्टला काठाला बांधलेल्या होडीतही ओकारी येते. लग्नाच्या दिवशी नदी ओलांडताना त्यानं माझ्या नव्या झग्यावर काय केलं ते सगळ्या सदर्कला ठाऊक आहे. हा माणूस होडीवर जगणार नव्हता, आणि आम्ही त्याच्यावर.

तरी माझ्या डोळ्यांपुढे भरलेलं अंगण येत होतं. अक्रोड फोडणारे, बिअर ढोसणारे ते सगळे तोंड वर करून माझ्या मुलीकडे बघणार, आणि कोणीतरी सोनेरी कागदाचा मुकुट घालून त्यांना सांगणार, ही बघा लाज. मग बाजारात कालवं विकणारी तिला ओळखणार. पालेर्मोची ना गं तू? हिच्या कानामागे दुधाचा वास येतो. तिथे कोणी लाज हुंगली तर मी त्याचं नाक चावीन, असं मला वाटत होतं.

"मी स्वतः घेऊन येते," मी म्हटलं. "माझ्या डोळ्यांनी बघते. पटलं नाही तर परत आणीन."

गिलबर्टनं मान हलवली. मान हलवण्यात तो पटाईत आहे, गर्दीत तेच काम असतं.

सकाळी तालमीला मी पर्नेलला घेऊन गेले. मास्टर क्रिस्पिननं दुपट्याची कड बोटानं बाजूला केली. पर्नेलनं त्याच्याकडे बघून जांभई दिली. तो बराच वेळ वाकून बघत राहिला.

"ही काळी नाही."

पर्नेलचा रंग भाजलेल्या आल्याच्या पावाच्या कडेसारखा, तपकिरी आहे. ऊन पडलं की त्यात मध मिसळतो.

"बाप गोरा आहे, मास्टर. तो काय, तिथे उभा आहे."

गिलबर्टनं हात वर केला.

"पण माझं बाळ काळं कुळकुळीत आहे."

"तुमच्या नाटकातली सरदारीण गोरी ना?"

"हे काय विचारणं झालं? बर्फासारखी. दुसऱ्या अंकात चारदा म्हटलंय."

"मग बाळ असंच निघणार. असंच निघतं."

त्यानं नाक मुरडलं, जणू मी चर्चमध्ये उकिडवी बसले होते. "निसर्गात निघत असेल, बाई. निसर्गाला वरच्या सज्ज्यातला प्रेक्षक सांभाळायचा नसतो. त्याला लांबून कळलं पाहिजे की पाप झालंय. तुमच्या देशात..."

"माझा देश सदर्क, मास्टर. आमच्याकडे पोरं बापावर जातात, आईवर जातात, कधी शेजाऱ्यावर जातात."

अॅम्ब्रोज मध्ये पडला. "अरे, भांडता काय? मी कुठे काळा आहे? काजळी लावू. गिलबर्ट, माझी वाटी आण."

गिलबर्ट वाटी आणायला गेला. तेवढ्यात निकीला बाळ कसं धरायचं ते बघायचं होतं. त्यानं तालमीसाठी लाल झगा कमरेला बांधला होता; खाली त्याचे स्वतःचे, चिखलाचे बूट दिसत होते.

"मान धर," मी सांगितलं. "तलवार नाही ती."

"ओली आहे टॅमसिनबाई. शी. माझ्या बाहीवर..." त्यानं दुपटं सोडलं, आत बघितलं, आणि त्याचा आवाज वरच्या पट्टीतून खाली कोसळला. "मास्टर, ही मुलगी आहे."

अस्वलाच्या आवारातली कुत्री तेवढी ऐकू येत होती.

मास्टर टोबायस पेन कोपऱ्यात बसून सफरचंद सोलत होता. हा भागीदारांत सगळ्यात म्हातारा; सरदार, बिशप आणि भुतं त्याच्याकडे. त्यानं सुरी खाली ठेवली. "स्त्री? आपल्या रंगमंचावर?"

"तीन महिन्यांची आहे," अॅम्ब्रोज म्हणाला.

"वय सांगू नका. स्त्री ती स्त्री. आज तीन महिन्यांची चढली, उद्या तीस वर्षांची चढेल. फ्रान्समध्ये काय चाललंय ऐकलंत ना?"

"कायदा आहे का तसा?" क्रिस्पिननं विचारलं.

"कायदा नाही. म्हणून तर रीत पाळायची. धर्मोपदेशकांना कळलं तर पुढच्या रविवारी सगळ्या लंडनमध्ये आपल्या नावानं प्रवचन होईल."

"पण दुपट्यात गुंडाळलेली..."

"आत आहे ना पण?"

मी बघत उभी राहिले. माझ्यापुढे एक म्हातारा होता, जो तारुण्यात राण्या करायचा आणि अजून पायऱ्या उतरताना झगा उचलल्यासारखा हात करतो. एक मुलगा होता, झग्यात, हनुवटीवरचे नवे दोन केस कुरवाळणारा. एक गुलाबी मूर होता. आणि एक विद्वान होता, ज्यानं अख्ख्या नाटकात बाईच्या तोंडी एकही गोष्ट बाईसारखी घातली नव्हती. हे चौघे माझ्या मुलीला घाबरले होते. तिला तर अजून स्वतःचा पायही सापडला नव्हता.

शेवटी अक्कल क्रिस्पिनलाच सुचली. "टॅमसिनबाई, हिचं नाव काय?"

"पर्नेल."

"पीटर म्हणा. कोणी विचारलं तर मुलगा आहे म्हणून सांगायचं, बस. कोण दुपटं सोडून बघणार?"

"म्हणजे काळी नसलेली माझी मुलगी काळा मुलगा होऊन पालेर्मोत जन्मणार, आणि सदर्कमध्ये मरणार."

"वा!" तो म्हणाला. "घेऊ का हे वाक्य? उपसंहाराला."

टोबायसनं सफरचंद परत उचललं. त्याची हरकत मिटली होती. मुलगी चढवायला त्याचा विरोध होता. मुलगी आहे हे ठाऊक असून मुलगा म्हणायला नव्हता. आहे एक नि म्हणायचं दुसरं, तेच तर त्यांचं पोट भरायचं साधन.

गिलबर्ट वाटी घेऊन आला होता. मी पर्नेलला निकीकडून काढून घेतलं होतं, आणि तो आमच्यापुढे उभा होता, वाटीत बघत.

"लाव रे," अॅम्ब्रोज म्हणाला. "आधी गालांना. डोळ्यांत जाऊ देऊ नको, चुरचुरतं."

गिलबर्टनं बोट बुडवलं आणि पर्नेलच्या गालावर टेकवलं. तिला वाटलं, दूध आलं. गालाला काही लागलं की वाटतंच तिला. तिनं तोंड तिकडे वळवलं, आ केला आणि ते बोट शोधायला लागली.

गिलबर्टचा हात तसाच राहिला. त्याला पुढे न्यायचा धीर होईना, मागे घ्यायचाही होईना. मी तो बाजूला सारला, एप्रनचं टोक थुंकीनं ओलं करून तिचा गाल पुसला. "झालं माझं बघून," मी म्हटलं, आणि निघाले.

कोणी अडवलं नाही. गिलबर्ट मागून आला नाही. वाटी धरायला कोणीतरी हवंच होतं.

उन्हाळ्याच्या दौऱ्यात त्याचं नाव राहिलं नाही. बाळाच्या मुंडक्याला मोठा खिळा ठोकला आणि पालेर्मोचा खेळ परत लावला. गिलबर्ट घरी आला की कोपऱ्यात बसायचा. भाऊ येऊन वल्ह्यांची मापं सांगून गेला. आम्ही दोघं एकमेकांशी भाकरीपुरतं बोलत होतो.

त्या खेळाला मला रंगपटात थांबावंच लागतं. तिसऱ्या अंकात अॅम्ब्रोज सरदारणीला मिठी मारतो आणि त्याच्या सगळ्या प्रेमाचा डाग तिच्या कॉलरीवर पडतो. चौथ्या अंकात स्वच्छ कॉलर चढवायची, टाचण्यांनी, उभ्या उभ्या. त्या दिवशी पर्नेल कपड्यांच्या टोपलीत झोपली होती. निकीला कॉलर घालून मी बाहेर ढकललं, आणि लगेच सरदाराची कॉलर सैल झाली म्हणून टोबायस माझ्यापुढे मान ताणून उभा राहिला. माझ्या तोंडात टाचण्या, दोन्ही हात त्याच्या गळ्याशी. आणि पर्नेल जागी झाली.

तिला भूक लागली होती. आधी ती कुरकुरली. मग जी रडायला लागली ती थांबेना. मला तोंडही उघडता येईना.

पडद्यापलीकडे निकी खिळ्याचं बाळ छातीशी धरून बोलत होता. तो मध्येच थांबला. पोरगं हुशार आहे. त्यानं बाळ थोपटल्यासारखं केलं, पर्नेलची एक किंकाळी पुरी होऊ दिली, आणि मग पुढची ओळ अगदी हळू म्हटली. अंगणात अक्रोड फुटायचे थांबले. कोणीतरी बाई हुंदका देऊन रडली, मग तिच्या शेजारची.

मी टाचण्या थुंकल्या, टोबायसला तसाच अर्धवट सोडला आणि पर्नेलला पाजायला घेतलं.

खेळ संपला तसा क्रिस्पिन धावत आत आला. माझे हात धरायला निघाला होता, पण ते रिकामे नव्हते. "कशानं रडवलंत तिला?"

"भुकेनं."

"उत्तम. म्हणजे खेळाच्या दिवशी दुपारचं दूध द्यायचं नाही. चौथा अंक होईपर्यंत."

"आवाजाला काही स्त्री म्हणता येत नाही," टोबायसनं निकाल दिला. "पडद्यामागे आहे, हरकत नाही."

"आणि रंगही नको लावायला," अॅम्ब्रोज म्हणाला. त्याच्या घामानं गालावर गोरे ओघळ उतरले होते. "गिलबर्टचं नाव परत घेतो मी. कायमचा. काय गिलबर्ट?"

गिलबर्ट दाराशी भाला घेऊन उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर ती विनवणी झाली असती, आणि मी ती करणार नव्हते.

"मास्टर," मी क्रिस्पिनला म्हटलं, "तिचा रंग तुम्हाला चालला नाही. ती मुलगी, तेही चाललं नाही. भूक तेवढी चालते. माझ्या मुलीला मी उपाशी ठेवणार नाही. पालेर्मोसाठी नाही, इंग्लंडसाठीही नाही."

"अहो, घटकाभराचा प्रश्न..."

तेवढ्यात बाळ रडलं.

भुकेचंच रडणं. आधी आत ओढलेला श्वास, मग ती लांब किंकाळी, मध्ये उचकी. पर्नेलनं दूध सोडलं आणि मान वळवून बघितलं. मीही बघितलं. दाराशी गिलबर्ट डोळे मिटून उभा होता; शिरस्त्राण कपाळावर आलेलं, दाढी थरथरत होती, आणि त्याच्या तोंडातून माझी मुलगी रडत होती.

मग क्रिस्पिननं हळूच विचारलं, "दुसरं येतं?"

गिलबर्ट पोटात कळ आल्यासारखं रडला. मग झोप येते पण लागत नाही, तसं. मग नुसतंच, कोणी उचललं नाही म्हणून. एकेक रडणं वेगळं, एकेक बरोबर. कितीतरी रात्री हे ध्यान माझ्या शेजारी घोरत पडलेलं असायचं, मी अंधारात चाचपडत उठायची, आणि हा जागा होता. सगळं ऐकत होता. मला त्याच्या डोक्यात सळई घालावीशी वाटली, आणि त्याच क्षणी त्याच्या त्या थरथरणाऱ्या दाढीला हात लावावासा वाटला.

"हे योग्य झालं," टोबायस मोकळा श्वास टाकून म्हणाला. "पुरुषाचं काम पुरुषाकडेच असलेलं बरं."

"शिवाय हा वेळेवर रडेल," अॅम्ब्रोज म्हणाला.

अशी माझ्या नवऱ्याची नोकरी कायम झाली. आता चौथ्या अंकात शिरस्त्राण घातलेला दाढीवाला बाप्या पडद्यामागे पर्नेल होऊन रडतो, चौदा वर्षांचा पोरगा पडद्यापुढे तिची आई होऊन रडतो, आणि खाली अंगणात बायका नाकं शिंकरतात. क्रिस्पिन दारूच्या गुत्त्यात सांगतो, की आईचं काळीज आपल्याइतकं अजून कोणी ओळखलेलं नाही.

दौऱ्याला निघायच्या आदल्या दिवशी गिलबर्ट चुलीपाशी बसून सराव करत होता. त्याला काळजी होती, नॉर्विचचे लोक कसे घेतील. पर्नेल माझ्या मांडीवर होती. तो रडायला लागला तशी ती टक लावून बघायला लागली. त्याच्या तोंडाकडे, मग माझ्याकडे, परत त्याच्याकडे. मग तिच्या पोटातून काहीतरी गुदगुल्यासारखं वर आलं आणि ती हसली. आवाज करून हसली. तोवर ती कधी तशी हसली नव्हती.

गिलबर्ट थांबला, उघड्या तोंडानं. "चुकतंय का माझं काही?"

"पुन्हा कर," मी म्हटलं.